बाळंतपणाची सुट्टी आधीच घ्यावी लागली तर

अगं, डॉक्टरनं सातव्या महिन्यातच आराम सांगितला तर एवढं टेन्शन काऊन घेऊन राहिली? माझंही तसंच झालं होतं, मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, हिंगणा एमआयडीसीतून गाडीवर घरी यायचं, पाय एवढे सुजायचे की चपलेच्या पट्ट्याचा वळ रात्रीपर्यंत जायचा नाही, आणि मी आपली म्हणतेय अजून पंधरा दिवस काढते. नको काढू.

आत्ता फक्त एवढं बघ:

- साहेबांना तोंडी सांगून मोकळी होऊ नको (मी तेच केलं, नंतर कोणालाच आठवेना). मेल टाक, डॉक्टरची चिठ्ठी जोड.
- पगारी सुट्टी 26 आठवडे, त्यातले डिलिव्हरीआधी जास्तीत जास्त 8. आधी जेवढे घेशील तेवढे नंतर कमी होतात, हा हिशोब आजच कॅलेंडरवर मांड.
- प्रेग्नन्सीमुळे तब्येत बिघडली तर कागद दाखवून वेगळी 1 महिन्यापर्यंत पगारी सुट्टी मिळते. एचआरला स्वतःहून विचार, ते सांगतीलच असं नाही.

हँडओव्हर, म्हणजे आपलं काम दुसऱ्याकडे सोपवणं, शेवटच्या दिवसावर ठेवू नको, रोज थोडं लिहून ठेव. बाकी पाळणाघर वगैरेचं नंतर बघू, आधी ती चिठ्ठी घे.