गूळ म्हणजे साखरच ना, बाबा?

प्रिय सानू,

परवा रात्री तुझा मेसेज आला. "बाबा, तिळाच्या लाडवांच्या डब्यावर तू 'हेल्दी आहेत, रोज एक खा' असं लिहिलंयस. माझी रूममेट म्हणते, गूळ म्हणजे साखरच. मग आपण असं का म्हणतो? आपल्याकडचं आहे म्हणून आपोआप हेल्दी?" आणि शेवटी तो हसणारा चेहरा. मी उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवला आणि झोपायला गेलो, पण ते शेवटचं वाक्य लागलं. राग नाही आला. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बरोबरच विचारतेय की." म्हणजे घरातही माझी बाजू घेणारं कुणी नाही.

रूममेटचं म्हणणं खरं आहे. गुळात मुख्यत्वे साखरच असते. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या जवळपास कॅलरी, आणि गुळात त्याहून थोड्याच कमी. लोह असतं, पण एका लाडवात जेवढा गूळ जातो त्यातून मिळून मिळून किती मिळणार? तिळाची बाजू जरा भक्कम आहे. निम्मं तेल, प्रथिनं चांगली, आणि सालासकट असतील तर शंभर ग्रॅमला साडेनऊशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम. मात्र ते बरंचसं सालात असतं, आणि सालातलंच ऑक्झलेट ते अंगी लागू देत नाही. साल काढलेले पांढरेशुभ्र तीळ घेतले तर कॅल्शियम जवळपास गेलंच. हे सगळं मी डब्यावर लिहिण्याआधीही वाचलेलं होतं. तरी 'हेल्दी' लिहिलं, कारण दूर राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला काही खायला पाठवायचं तर इथे अमेरिकेत काहीतरी कारण द्यावं लागतं आणि हे कारण सगळ्यात सोयीचं पडतं.

माझ्या लहानपणी ग्वाल्हेरच्या घरी माईने कधी तिळाच्या लाडवाला पौष्टिक म्हटलेलं मला आठवत नाही. थंडीचे दिवस, तीळ गरम, खा. एवढंच. ग्वाल्हेरची थंडी तू पाहिलेली नाहीस. आपण नेहमी जूनमध्ये गेलो आणि तू उकाड्याने रडलीस. जानेवारीत तिथे पारा चार-पाच अंशांवर येतो आणि घरात हीटिंग नावाची गोष्ट नाही. धुकं असं की गोठीतल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, आमच्या वाड्यातून समोरचं रामाचं देऊळ दिसायचं नाही, नुसती घंटा ऐकू यायची. आम्ही रजईत बसून गृहपाठ करायचो आणि अंगीठीशेजारच्या जागेवरून भांडायचो.

संक्रांतीच्या आधी नाना मला दाल बाजारात न्यायचे. पिशवी धरायला मी, बोलायला ते. तीळ तळहातावर घ्यायचे, दुसऱ्या हाताने चोळायचे आणि फुंकर मारायचे. तळहातावर माती उरली की पुढच्या दुकानात. गूळ मात्र चाखूनच. जिभेवर ठेवून डोळे मिटायचे आणि दुकानदाराला सांगायचे, "नमक है इसमें." तो शपथा घ्यायचा. नाना ऐकून घ्यायचे आणि निघायचे. पुण्याकडून कुणी यायचं असलं तर त्याला महिनाभर आधी पत्र जायचं : चिकीचा गूळ आणावा. तो आला की लाडू कडक व्हायचे आणि नाही आला तर मऊ. आमच्या घरी लाडवांच्या चवीवरून रेल्वेने कोण येऊन गेलं ते कळायचं.

पण मला विचारशील तर लाडू नाही, हलवा आठवतो. माईचा काटेरी हलवा. दोन दिवस चालायचं ते काम. परातीखाली राखेने झाकलेले निखारे, परातीत मूठभर तीळ. शेजारी साखरेचा पाक, चमचाभर दूध घालून मळी काढलेला. माई पाकाचे चार थेंब तिळांवर सोडायची आणि बोटांच्या टोकांनी तीळ गोल गोल फिरवत राहायची, सुकेपर्यंत. मग पुन्हा चार थेंब. कितीतरी वेळ काहीच घडत नसे, तीळ नुसते पांढुरके दिसायचे. पाक जरा जास्त पडला की सगळे एकमेकांना चिकटायचे आणि माई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची, जे आम्ही ऐकायचं नसायचं. दुपार कलली की एखाद्या दाण्याला बारीक टोक आलेलं दिसे, आणि मग बघता बघता सगळ्यांनाच काटे. खसखशीचा हलवा मोहरीएवढा, खरबुजाच्या बियांचा लांबट, तिळाचा मधला. थंडी कोरडी हवी, नाहीतर काटा बसतो, असं ती म्हणायची. बोटांची टोकं लाल व्हायची. मी एकदा दहा मिनिटं फिरवून पाहिलं आणि ओरडत उठलो.

त्याच हलव्याचे दागिने बेबीआत्याच्या पहिल्या संक्रांतीला केले होते. हार, बाजूबंद, बिंदी, काळी चंद्रकळा. तो फोटो आपल्या जिन्यात आहे, आत्या वैतागलेली दिसते तो. दागिने टोचत होते म्हणे. माझ्या बोरनहाणात मी अंगावरचा हार खाऊन टाकला, हेही तू शंभरदा ऐकलंयस.

आणि हा हलवा सगळाच्या सगळा साखरेचा, सानू. गुळाचा कणही नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी माझा जीव अजून कासावीस होतो तिला तुझी रूममेट अजिबात पास करणार नाही.

शाळेत असताना मला घरचे लाडू आवडायचेही नाहीत. ग्वाल्हेरला गजक मिळते. मुरैना तिथून तासाभरावर, तिथली गजक नावाजलेली, २०२३ साली तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. गुळाचा पाक भिंतीतल्या खुंटीवर टाकून ओढायचा, दुमडून पुन्हा ओढायचा, रंग सोनेरी-पांढरा होईपर्यंत. मग भाजलेले तीळ मिसळून दोघं-तिघं लाकडी मोगऱ्यांनी कुटत बसायचे. थंडीत त्या गल्लीतून जाताना हा धप्-धप् आवाज आणि भाजक्या तिळांचा वास एकदमच यायचा. तोंडात टाकली की पापुद्रे सुटून विरघळते. तीळ तेच, गूळ तोच. माझा मित्र आमचे लाडू खाऊन म्हणायचा, "यार, तुम्हारे लड्डू से तो खिड़की का काँच टूट जाए." मी त्याच्या बाजूने हसायचो आणि मेळ्यात, म्हणजे १९०५ पासून भरणाऱ्या ग्वाल्हेरच्या त्या व्यापार मेळ्यात, खिशातले सगळे पैसे गजकवर घालवायचो. मराठी पदार्थाचा अभिमान वगैरे मला तेव्हा नव्हता. तो इथे आल्यावर, पहिल्या बर्फानंतर कधीतरी आला असावा.

आणि ग्वाल्हेरला तरी आम्ही कुठे 'आपल्या' गावात होतो? दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास तिथे छावणी टाकली, तिचंच लष्कर, म्हणजे शहराचा तो भाग, झालं, आणि फौजेबरोबर जे कारकून, भटजी, शिलेदार आले त्यांत कुणीतरी आपले. मग पिढ्यान् पिढ्या आजूबाजूला हिंदी, घरात मराठी, आणि पुण्याला गेलं की मामेभावंडं आमच्या मराठीला हसणार, कारण मी "बाई, मला थंडी लागून राहिली" असं म्हणायचो. शेजारच्या मिश्राजींकडून संक्रांतीला खिचडी आणि तिळाचे लाडू यायचे, आमच्याकडून तिळगूळ जायचा आणि सोबत भाषांतर केलेलं वाक्य. त्यामुळे तू जेव्हा म्हणतेस की इथे राहून हे सगळं करणं जरा नाटकी वाटतं, तेव्हा मला वाटतं, नानांनाही वाटलं असेल का? विचारायचं राहिलं. दोनशे वर्षं सवय झाली की नाटक उरत नाही, असं म्हणावंसं वाटतं, पण तुला दोनशे वर्षं कुठून आणून देऊ.

आता जे सांगतोय ते डब्यावर मावलं नसतं. तिळगूळ घ्या, गोड बोला, हे मला लहानपणी फार छान वाटायचं. पण आमच्या घरात ते कसं चालायचं, माहीत आहे? नाना आणि बापूकाकांचं मधल्या भिंतीवरून बिनसलेलं. वर्षभर अंगणात समोरासमोर आले तरी एक शब्द नाही. संक्रांतीला संध्याकाळी बापूकाका टोपी घालून यायचे, धाकटे म्हणून नमस्कार करायचे, नाना तळहातावर हलवा आणि लाडू ठेवायचे, दोघंही ते वाक्य म्हणायचे, आणि झालं. पुढच्या संक्रांतीपर्यंत शांतता. गोड बोला याचा अर्थ आम्ही 'बोलूच नका' असा घेतला होता. ही खोड माझ्यातही उतरली आहे. तू रागावून फोन करतेस आणि मी विचारतो, "जेवलीस का?" तुझी आई म्हणते, हा तुझा तिळगूळ. बाकी भिंतीचा वाद कोर्टात गेला नाही एवढं खरं. ते तिळगुळामुळे की वकिलाच्या फीच्या धास्तीने, मला सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट आणखी कडू. नाना गेले त्याच्या पुढच्या संक्रांतीला माईने नेहमीसारखं सगळं केलं. हलवा, लाडू, गुळाच्या पोळ्या, अगदी कडेपर्यंत गूळ पोचलेल्या. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या तेव्हा ती मधल्या खोलीत बसून होती. तिला कुणी 'आत बस' म्हणालं नव्हतं. कुणी म्हणावं लागतच नसे. आईने बाहेर बोलावलं तर म्हणाली, "माझे गुडघे दुखताहेत गं." मी ताटली घेऊन आत गेलो तर तिने विचारलं, "काटा नीट आलाय का, कुणी काही म्हणालं का?" सगळ्या हलव्याचं कौतुक करत होत्या आणि करणारी पडद्यामागे. याचं समर्थन मी तुझ्यापुढे करणार नाही आणि कुणी केलं तर ऐकूनही घेणार नाही. आपल्याकडच्या हळदीकुंकवाला तुझी आई सगळ्यांना बोलावते, नवरा असो, नसो, गेलेला असो, सोडलेला असो, ते त्यानंतरचं आहे. एका काकूंनी त्यावरून नाक मुरडलं होतं. त्यांनाही लाडू दिला, आणखी काय करणार.

तर तू विचारलंस, का म्हणतो. मला हे पाठवावंसं वाटतं म्हणून म्हणतो. त्यात कॅल्शियम किती, याचा काही संबंध नाही. तुला खावंसं वाटलं तर खा. नाही वाटलं तर डबा कॉमन रूममध्ये ठेव, मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल. तेवढं मी सांभाळून घेईन.

मात्र एक बघ. तिळाची ॲलर्जी असणारी मुलं इथे असतात. अमेरिकेत २०२१च्या कायद्याने तिळाला नववा मोठा ॲलर्जन ठरवलंय आणि १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तसं छापणं बंधनकारक आहे. घरच्या डब्यावर कोण छापणार? आणि आपल्या लाडवात तर शेंगदाणेही आहेत. तेव्हा वाटण्याआधी विचार.

कधी स्वतः करावेसे वाटले तर तिथल्या छोट्या शेगडीवरही होतात. तीळ सालाचे घे, मंद आचेवर हलवत राहा, तडतडायला लागून वास सुटला की लगेच ताटात काढ, कढईत ठेवलेस तर तिथल्या तिथे करपतात आणि कडू लागतात. दोन वाट्या तिळाला अर्धी वाटी दाण्याचं जाडसर कूट, थोडं भाजलेलं सुकं खोबरं, वेलदोडा. गूळ साधारण सव्वा वाटी, चमचाभर तुपात वितळव. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघ. मऊ गोळी झाली की गॅस बंद, लाडू मऊ होतील. थेंब कडक होऊन ताटलीवर टण्णकन वाजला तर माझ्या मित्राच्या खिडकीचे लाडू. हाताला पाणी लावून गरम असतानाच वळायचे, म्हणून एकटीने करू नकोस, कुणालातरी वळायला बसव. गूळ कमी घालून बघायचा असेल तर बघ, वळले नाहीत तर चुरा दह्यावर घालून खा. माईला चाललं नसतं, मला चालतं.

अळिवाचे लाडू मात्र पाठवत नाही. तू झालीस तेव्हा आजी बॅगेत अळीव घेऊन आली होती आणि आईला रोज सकाळी एक लाडू सक्तीचा होता. ओल्या नारळाचे असतात, पोस्टात टिकायचे नाहीत. मार्चच्या सुट्टीत आलीस की करू. अळीव आदल्या रात्री मी नारळाच्या पाण्यात भिजवून ठेवीन, नारळ तू खवायचा. खवणी बेसमेंटमध्ये आहे, तुझ्या स्कीच्या बुटांमागे.

तुझा,
बाबा