धुळ्यात राहतो, एसयूव्हीचे रन-फ्लॅट टायर काढून साधे ट्यूबलेस बसवले तर चालतील का?

होय, चालतील, आणि सहसा रिमही बदलावी लागत नाही. मात्र चारही टायर एकदमच बदलावेत आणि त्यांचा आकार, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) व स्पीड रेटिंग (किती वेगापर्यंत चालतो) गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच असावे. रन-फ्लॅटची बाजूची भिंत मुद्दाम जाड व कडक केलेली असते, त्यामुळे हवा पूर्ण गेली तरी गाडी ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर जाऊ शकते. पण तीच भिंत खड्ड्याचा दणका थेट पाठीपर्यंत पोहोचवते. दुकानात सुटे टायर अंगठ्याने दाबून पाहा: साध्याची भिंत लवते, रन-फ्लॅटची जवळजवळ हलत नाही. मी जळगावात गाडीचे टायर असेच बदलले आणि खडबडीत रस्त्यावरचा फरक पहिल्याच दिवशी जाणवला, वळणावर मात्र गाडी किंचित सैल वाटते. खरी अडचण स्टेपनीची आहे, कारण रन-फ्लॅटच्या बऱ्याच गाड्यांत ती नसतेच. पंक्चर किट आणि हवेचा पंप खिळ्याच्या छिद्राला पुरतो, चिरलेल्या भिंतीला नाही. म्हणून स्टेपनी, जॅक व पाना यांची सोय झाल्याशिवाय रात्री कन्नड घाटात गाडी घालू नका.