सर्व्हरवर गर्दी उसळते तेव्हा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाची साइट निकालाच्या दिवशी कोलमडते. सर्व्हर ४ जीबी रॅमचा, त्यावर अपाची हा वेब सर्व्हर प्रीफोर्क पद्धतीने चालतो आणि पानं पीएचपी तयार करते. लॉगमध्ये 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स'ची (एका वेळी चालणाऱ्या वर्कर प्रोसेसची) मर्यादा गाठल्याचं दिसलं, म्हणून आकडा १५० वरून १००० केला. मग तर एसएसएचनेही (दूरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सोयीनेही) आत जाता येईना. असं का?

आकडा वाढवला म्हणून रॅम वाढत नाही. प्रीफोर्कमध्ये प्रत्येक कनेक्शनला एक अख्खी प्रोसेस लागते. 'टॉप' ही कमांड लावून एका अपाची प्रोसेसचा आरईएस रकाना (ती वापरत असलेली रॅम) बघा. समजा ६० एमबी दिसले. मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि सिस्टिमसाठी १ जीबी बाजूला काढला की उरतात ३ जीबी, म्हणजे साधारण ५० प्रोसेस. तुमच्या १००० ना ६० जीबी लागले असते! रॅम संपली, सर्व्हर स्वॅपवर (रॅमऐवजी संथ डिस्कवर) गेला आणि ज्यांची पानं सुरळीत उघडत होती त्यांचीही अडकली. खरं तर १५० सुद्धा जास्तच होते. आजच ५० करा.

५० तोकडे वाटतील. पण पान ०.२ सेकंदात तयार होत असेल आणि सीपीयू पुरत असेल, तर ५० वर्कर सेकंदाला २५० पानं देतात. तेच पान २ सेकंद घेत असेल तर फक्त २५. म्हणून निकालाच्या टेबलवर आसनक्रमांकाचा इंडेक्स (नोंद पटकन शोधून देणारी सूची) आहे का, ते आधी तपासा.

आणखी एक, 'कीपअलाइव्ह' बघा. पान देऊन झाल्यावरही अपाची मुळातल्या सेटिंगप्रमाणे ५ सेकंद पुढच्या मागणीची वाट बघतो, आणि प्रीफोर्कमध्ये तेवढा वेळ तो वर्कर अडकलेला राहतो. एकेक पान बघून जाणारा विद्यार्थी असा ५.२ सेकंद जागा धरतो. २५० चे सेकंदाला जेमतेम १० होतात! निकालाच्या दिवशी ते १ सेकंदावर आणा किंवा बंदच करा.

प्रश्न : मर्यादेपलीकडच्यांना ५०३ ('सेवा सध्या उपलब्ध नाही' हा संदेश) दाखवून परत पाठवणं बरं दिसतं का? रांगेत ठेवलं तर?

थोडी रांग हवीच. पण लांबलचक रांगेत माणूस कंटाळून रिफ्रेश करतो. जुनी मागणी बऱ्याचदा तशीच चालू राहते, त्यात नवी येते, आणि सर्व्हर निघून गेलेल्यांसाठी राबत बसतो. त्यापेक्षा लगेच ५०३ द्या, सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडर (किती वेळाने पुन्हा यायचं ते सांगणारी सूचना) आणि मराठीत दोन ओळी : 'गर्दी आहे, दोन मिनिटांनी पुन्हा बघा.' हे पान साधं एचटीएमएल असावं. ते दाखवायला पीएचपी चालवायची वेळ येऊ नये. परीक्षा दिलेल्या मुलाला कोरा पडदा दाखवण्यापेक्षा हे कितीतरी माणुसकीचं आहे.

प्रश्न : अपाचीच्या पुढे एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर बसवला तर प्रश्न सुटेल?

निम्मा सुटेल. एकाच सर्व्हरवर १०,००० कनेक्शन कशी पेलायची, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला. इगोर सिसोएव्ह यांचा एन्जिनएक्स २००४ मध्ये खुला झाला तो त्याच अडचणीवरचा उपाय म्हणून. त्याचा एक वर्कर हजारो कनेक्शन सांभाळतो, त्यामुळे संथ मोबाइलवाल्यांचं ओझं तो स्वतःवर घेतो. पण मागे पीएचपीचे वर्कर ५० च राहणार. एन्जिनएक्सच्या 'वर्कर कनेक्शन्स'चा (एका वर्करला किती कनेक्शन, या मर्यादेचा) मूळ आकडा ५१२ आहे, आणि प्रॉक्सी (मागण्या मागे पोचवणारा मध्यस्थ) म्हणून चालवताना मागे पाठवलेल्या प्रत्येक मागणीला दोन कनेक्शन खर्ची पडतात, हेही धरून चाला.

प्रश्न : एका आयपीला (इंटरनेटवरच्या एका पत्त्याला) पाचच कनेक्शन दिली तर?

नको. वसतिगृहाचं अख्खं वायफाय बाहेरून एकाच आयपीचं दिसतं, मोबाइल कंपन्यांचे कित्येक ग्राहकही तसेच. मर्यादा लावायचीच तर सैल ठेवा, आणि आधी आठवडाभर लॉगमधून एकेका आयपीवरून किती मागण्या येतात ते मोजा.