स्कॉटलंडच्या पाउंडाच्या नोटा लंडनमध्ये चालतात का?

चालतात, पण दुकानदाराने घेतल्याच पाहिजेत असा कायदा नाही. तो 'नको' म्हणाला तर वाद घालण्यात अर्थ नाही.

स्कॉटलंडमध्ये बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल या तीन बँका स्वतःच्या नोटा काढतात. चलन एकच, किंमतही तीच. २००९ च्या बँकिंग कायद्यानुसार या नोटांच्या मोलाइतकी तारण रक्कम ठेवावी लागते, त्यामुळे पैसा सुरक्षित असतो. गंमत म्हणजे खुद्द स्कॉटलंडमध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या नोटाही 'लीगल टेंडर' (देणं फेडताना कायद्याने मान्य असलेलं चलन) नाहीत, तरी त्या सर्रास चालतात. व्यवहार शेवटी सवयीवर आणि विश्वासावर चालतो.

मोठ्या सुपरमार्केटमध्ये सहसा अडचण येत नाही. छोट्या दुकानात मात्र गल्ल्यावरचा माणूस नोट उलटीपालटी करून बघतो. राणी किंवा राजाऐवजी त्यावर वॉल्टर स्कॉट किंवा नॅन शेफर्ड असे स्कॉटिश लेखक दिसतात आणि तो बिचकतो. अशा वेळी नोटेवर छापलेला 'स्टर्लिंग' (म्हणजे ब्रिटिश पाउंड) हा शब्द दाखवा, बरेचदा काम होतं. उत्तर आयर्लंडच्या नोटांना तर इंग्लंडमध्ये ओळखणारे आणखी कमी.

एडिनबरा-ग्लासगोला शिकणाऱ्या मुलांनी एक गोष्ट नक्की करावी: भारतात येण्याआधी या नोटा तिथल्याच बँकेत भरा किंवा बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांशी बदलून घ्या. आपल्याकडचे मनी चेंजर त्या नाकारू शकतात, किंवा कमी भाव देतात.