अपडेट थ्रेडची रांग

प्रश्न: जावामध्ये जेमंकीइंजिन हे 3डी गेम इंजिन वापरतो. मोठं मॉडेल वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) लोड करून तिथूनच रूटनोडला, म्हणजे दृश्यातल्या सगळ्या वस्तूंच्या मूळ नोडला, जोडतो. बहुतेक वेळा चालतं, पण कधीतरी 'इल्लीगल स्टेट' एक्सेप्शन येऊन प्रोग्रॅम बंद पडतो. चूक कुठे आहे?

उत्तर: चूक लोड करण्यात नाही, जोडण्यात आहे. इंजिन दर फ्रेमला आधी अपडेट करतं, म्हणजे प्रत्येक नोडची जागा, बाउंडिंग (वस्तूभोवतीची हद्द) आणि दिवे यांचा हिशेब लावतं, आणि मग चित्र काढतं. नोड बदलला की त्याच्यावर 'हिशेब बाकी' अशी खूण लागते. तुमच्या थ्रेडने नेमकं या दोन टप्प्यांच्या मध्ये मॉडेल जोडलं, तर चित्र काढताना इंजिनला ती खूण दिसते आणि ते थांबतं. मधली फट अगदी थोड्या वेळाची असते, म्हणून रोज सापडत नाही. थांबतं हे चांगलंच. ज्या इंजिनात अशी तपासणी नाही तिथे नोडांची यादी गुपचूप बिघडते आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो.

फाईल वाचणं, डीकोड करणं, मेश (वस्तूच्या आकाराची जाळी) तयार करणं हे सगळं तुमच्याच थ्रेडवर राहू द्या. फक्त जोडण्याची, म्हणजे अटॅचचाइल्डची, ओळ ॲप्लिकेशनच्या एनक्यूला द्या; एनक्यू म्हणजे काम रांगेत टाकणारी मेथड. ती अपडेट थ्रेडवर, म्हणजे इंजिन ज्यावर अपडेट करतं त्याच थ्रेडवर, चालेल. एकदा मॉडेल रांगेत दिलं की तुमच्या थ्रेडने त्याला पुन्हा हात लावायचा नाही, साधी जागा बदलायलाही नाही. सोबत एखादी लिस्ट देत असाल तर तिची प्रत द्या.

प्रश्न: एनक्यूने दिलेल्या फ्युचरवर (कामाचा निकाल नंतर देणाऱ्या ऑब्जेक्टवर) लगेच गेट केलं, म्हणजे निकाल येईपर्यंत थांबलं, की खिडकी गोठते. असं का?

उत्तर: तुम्ही गेट अपडेट थ्रेडवरूनच करत असणार. थ्रेड कामाची वाट बघतो आणि काम थ्रेड मोकळा होण्याची. बटणाच्या हँडलरमधून असं हमखास होतं, कारण तो अपडेट थ्रेडवरच चालतो. सुरुवातीलाच अपडेट थ्रेडचा संदर्भ जपून ठेवा. चालू थ्रेड तोच असेल तर काम रांगेत न टाकता थेट करा. मात्र आधी रांगेत असलेली कामं मग मागे पडतात, हे ध्यानात असू द्या. गेट कधीच केलं नाही तर कामातलं एक्सेप्शन फ्युचरमध्येच पडून राहतं, म्हणून कामाच्या आतच ट्राय-कॅच घालून लॉग करा.

प्रश्न: इंजिन न वापरता दर फ्रेमला फिरणारा गेमचा लूप मी स्वतः लिहिला आहे. कामांची रांग कशी उपसावी?

उत्तर: जावाची कॉन्करंटलिंक्डक्यू (अनेक थ्रेडना एकदम वापरता येणारी रांग) घ्या आणि फ्रेमच्या सुरुवातीला एकाच जागी उपसा. 'रिकामी होईपर्यंत' असा लूप लिहू नका. एखाद्या कामाने स्वतःलाच पुन्हा रांगेत टाकलं, तर ती फ्रेम कधीच संपणार नाही. सुरुवातीला जेवढी कामं होती तेवढीच चालवा, किंवा यादी बाजूला काढून ती चालवा. लिबजीडीएक्स या गेम लायब्ररीत पोस्टरनेबलने दिलेली कामं अशीच चालतात. यादीला कुलूप (लॉक) लावलं असेल तर ते फक्त अदलाबदलीपुरतं. कामं चालू असताना धरून ठेवलं तर लोड करणारे थ्रेड ताटकळतात.

आता वेळेचं. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद. त्यातले 2 ते 3 रांगेला द्या. प्रत्येक कामानंतर नॅनोटाइमने (जावाच्या सूक्ष्म घड्याळाने) गेलेला वेळ बघा, मर्यादा संपली की उरलेली कामं पुढच्या फ्रेमला. पण एकच काम 40 मिलिसेकंदांचं असेल तर ही मर्यादा काही करू शकत नाही, ते काम तोडावंच लागतं. उदाहरणार्थ, 2048 बाय 2048 चं आरजीबीए टेक्स्चर (वस्तूवर चढवायचं चित्र, दर पिक्सेलला 4 बाइट) 16 एमबीचं होतं. आधी रिकामी जागा राखा, मग ओपनजीएलचं जीएलटेक्ससबइमेज2डी (टेक्स्चरचा फक्त एक भाग भरणारं फंक्शन) वापरून 256 ओळींच्या पट्ट्या चढवा: 2 एमबीची एक पट्टी, 8 फ्रेममध्ये पूर्ण. शेवटची पट्टी चढेपर्यंत ते टेक्स्चर कुठल्याही मटेरियलला लावू नका, नाहीतर अर्धवट चित्र दिसेल.

प्रश्न: कामाची पाळी येईपर्यंत वस्तूच काढून टाकलेली असेल तर?

उत्तर: कामाच्या पहिल्याच ओळीत तपासा, नसेल तर परत फिरा. रांगेत टाकताना केलेली तपासणी इथे उपयोगाची नाही. लेव्हल बदलताना जुनी कामं रद्द करा, आणि प्रोग्रॅम बंद करताना आधी लोड करणारे थ्रेड थांबवून मगच रांग रिकामी करा.