झाली काय लावणी?

प्रिय बाळा,

परवा इथं कॅलिफोर्नियात डेव्हिसहून सॅक्रामेंटोला जाताना योलो कॉजवेच्या लांब पुलावरून तुला खाली भाताची शेतं दिसली आणि तू विचारलंस, "बाबा, गावाला तू प्रत्येक शेतापाशी थांबून 'झाली काय लावणी?' असं का विचारत होतास? झाली की नाही ते दिसतच होतं की." कॉजवे जेमतेम तीन मैलांचा. मी उत्तर जुळवेपर्यंत तो संपला आणि भातही मागे पडलं. म्हणून लिहितोय.

जुलैत आपण कोकणात गावाला दिवा-सावंतवाडी गाडीने गेलो, कारण वंदे भारत आपल्या विलवडे स्टेशनला थांबत नाही. रोह्याच्या पुढे बहुतेक ठिकाणी एकच रूळ. समोरून जलद गाडी यायची असली की आपली गाडी बाजूला उभी राहणार. तू कंटाळलीस, मलाही घाई होती. पण एका स्टेशनात गाडी अर्धा तास उभी होती, आठवतं? रुळालगतच्या खाचरात बायका ओळीने वाकल्या होत्या, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी. तू मोजलंस आणि म्हणालीस, "बाबा, त्या मागे मागे चालतायत." लावलेलं पायाखाली येऊ नये म्हणून लावणी मागे सरकत करतात. मी त्याच गावांतला, पण तुला हे कधी सांगितलं नव्हतं. गाडी वेळेवर सुटली असती तर तुझ्या नजरेस पडलं नसतं.

स्टेशनपासून आपली वाडी तीन किलोमीटर, आणि आपल्याला दोन तास लागले. बांध एवढा अरुंद की एकामागे एकच माणूस चालणार. वर पावसाने तो निसरडा झालेला. फोन हातात धरून तिथं चालताच येत नाही. पाऊल कुठे पडतंय, कुठली कड खचलीय, खेकड्याचं बीळ कुठे आहे, हे बघावंच लागतं. पहिल्या शंभर पावलांत तू दोनदा घसरलीस, नंतर एकदाही नाही.

आता तुझा प्रश्न. आपली खाचरं उतारावर पायऱ्यांसारखी आहेत. वरच्याचं पाणी बांधातल्या वाटेने खालच्याच्या शेतात येतं. वरच्याने चिखलणीसाठी पाणी अडवलं की खालचा थांबतो, आणि त्याने एकदम सोडलं तर खालच्याची कालची रोपं तरंगू लागतात. तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली रोपं, साधारण तीन आठवड्यांचा झाला की उपटून लावायचा. पावसाने आठवडाभर ओढ दिली तर तो जागच्या जागी जून होतो, मग फुटवे कमी येतात. उपटलेल्या मुठी फार वेळ ठेवता येत नाहीत. थोडक्यात, एकाची लावणी अडली तर ती त्याच्या एकट्याची अडचण राहत नाही. म्हणून 'झाली काय?' विचारायचं. राहिली असेल तर किती राहिली, माणसं आहेत का, टिलर कधी येणार, हे सगळं त्या एका प्रश्नातून निघतं. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, अशी सावड त्यातूनच ठरते.

इकडचे काही मित्र म्हणतात, गावाकडच्या लोकांना फार चौकश्या. मला ते पटत नाही. बांधावरून जाणाऱ्याने न विचारता पुढे जाणं हे तिथं तोंड फिरवून गेल्यासारखं आहे. 'कुणाची गो तू?' असं तुला चौघींनी विचारलं आणि तू अवघडलीस. त्या तुझी वाडी, तुझी आजी, तुझं घर शोधत होत्या. चौथीला ते सापडलं. ती आजीबरोबर पन्नास वर्षांपूर्वी रोपांची जागा भाजायच्या राबासाठी कवळ, म्हणजे झाडांचा पाला-फांद्या, तोडायला जायची.

आणि काकूच्या खाचरापाशी काय झालं ते तर तुला माहीतच आहे. मी विचारलं, ती म्हणाली, "दोन वाफे ऱ्हायलेत." मी पिशवी बांधावर ठेवली. पोटरीपर्यंत चिखलात गेल्यावर तू आधी किंचाळलीस, मग गप्प झालीस, आणि मग तासभर एका शब्दानेही किती वेळ राहिला ते विचारलं नाहीस. दोन-तीन रोपं चिमटीत धरायची, अंगठ्याने चिखलात खोचायची, बोटं काढून घ्यायची. तुझी ओळ नागमोडी होती. काकूने ती सरळ केली नाही.

इथं सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात पाण्याने भरलेल्या शेतांवर भिजवलेलं बी विमानातून पेरतात. जमीन सपाट, शेतं अफाट, तिथं तेच सोयीचं. पण या भातावरून मी सहा वर्षं ये-जा करतोय आणि ते पिकवणाऱ्या एकाही माणसाशी बोललेलो नाही. हे मला तुझ्या प्रश्नाने जाणवलं. येत्या शनिवारी कॉजवेच्या अलीकडेच उतरून शेतांकडच्या आतल्या रस्त्याने जाऊ. कुणी दिसलं तर थांबू. कापणी जवळ आली असेल.

काल काकूचा फोन होता. गावचं भात पोटरीवर आलंय, म्हणजे लोंबी आत भरतेय, आणि तुझी नागमोडी ओळ बांधावरून अजून ओळखू येते म्हणाली. दसऱ्याला दारावर नवं, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, बांधताना त्या ओळीतली एक लोंबी घेणार आहे. रविवारी तिला फोन लावू, तूच बोल.

तुझा,
बाबा