दहा तास खोक्यात, गरुड सात मिनिटं

मागच्या अंकात सोनेरी गरुडाचा फोटो छापला आणि खाली दोनच ओळी लिहिल्या, की हा फिनलंडमध्ये फेब्रुवारीत हाइडमधून (म्हणजे पक्ष्यांना दिसू नये म्हणून लपून बसायच्या खोक्यातून) काढलाय, गाइडेड ट्रिप होती. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, रागवू नका.

प्रश्न : ताई, मी आणि माझा मित्र पुढच्या हिवाळ्यात याच ट्रिपला जायचं म्हणतोय. डिसेंबरात ऑफिसला सुट्टी असते म्हणून तेव्हाच जावं असं चाललंय. माझ्याकडे क्रॉप सेन्सर बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे. ६०० ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) भाड्याने घेऊ का? – वाचक, चिंचवड

डिसेंबर नको. अगदी सुट्टी वाया गेली तरी नको. आम्ही गेलो होतो ते कुसामो म्हणजे आर्क्टिक सर्कलच्या जरासं खाली, साधारण ६६ अंश उत्तर, तिथे डिसेंबरच्या शेवटी दिवस कसाबसा तीन तासांचा आणि सूर्य झाडांच्या वर येतच नाही, म्हणजे तुम्ही एवढा पैसा खर्चून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२८०० वर काळपट ठिपके काढून आणणार. फेब्रुवारीच्या मध्याला आठ तासांचा दिवस मिळतो आणि गंमत म्हणजे भर दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून ११-१२ अंशच वर असतो. आपल्याकडे पुण्यात त्याच दिवशी तो साठेक अंशांवर टळटळीत असतो. म्हणजे आपण ज्या सकाळच्या सोनेरी उजेडासाठी पाचचा गजर लावतो तो तिथे दिवसभर पडलेला असतो, बर्फावरून उसळी मारून पक्ष्याच्या पोटाखाली पण उजेड येतो. मार्च पण चालेल, दिवस मोठा होतो, पण बर्फ आणि थंडी जितकी घट्ट तितका गरुड मेलेल्या जनावरावर हमखास येतो, कारण तेव्हा त्याला शिकार कमी मिळते.

लेन्सचं सोपं गणित सांगते. आमिष, म्हणजे मेलेलं जनावर, ठेवतात ते हाइडपासून २५ ते ४० मीटरवर. ३० मीटर धरा. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ४०० मिमीला त्या अंतरावर फ्रेमची रुंदी होते २.७ मीटर, ६०० ला १.८ मीटर. सोनेरी गरुडाचे पसरलेले पंख १.८ ते २.३ मीटर. म्हणजे ६०० लावून बसलात तर तो पंख उघडेल तेव्हा दोन्ही टोकं कापली जाणार, आणि तुमच्या क्रॉप बॉडीवर तर ६०० ला सव्वा मीटरसुद्धा मिळत नाही! तुमची १५०-६०० अगदी झकास आहे, ३०० च्या आसपास ठेवा आणि बसल्यावर चेहऱ्याचा क्लोजअप हवा असेल तेव्हाच पुढे झूम करा. प्राइमचे पैसे वाचवून बूट घ्या. खरंच, बूट.

व्हिसाचं एवढंच, की शेंगेन लागतो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स निदान ३० हजार युरोंचा हवा. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

प्रश्न : हाइडमध्ये नक्की किती वेळ बसायचं असतं? मध्ये बाहेर येता येतं का? आणि (विचारायला लाज वाटतेय) बाथरूमचं काय? – वाचक, नाशिक

लाज कसली, ट्रिपच्या आधी मी पण पहिला हाच प्रश्न विचारला होता.

अंधारात आत जायचं आणि अंधार पडल्यावरच बाहेर. मध्ये बाहेर अजिबात नाही. हाइड म्हणजे लाकडी खोकं, चारेक फूट रुंद, आत एक-दोन खुर्च्या, समोर एकतर्फी काच किंवा लेन्स बाहेर काढायला कापडी बाही लावलेली भोकं. आमचा गाइड पहाटे स्नोमोबाइलवरून आम्हाला सोडायचा, आमिष जागेवर आहे ना बघायचा आणि परत जायचा, आणि हे जाणं पण मुद्दाम दिसेल असं, कारण रेवन वरून बघत असतात, माणूस आला नि गेला एवढं त्यांना कळलं की त्यांचा हिशोब जुळतो. (रेवन म्हणजे आपल्या डोमकावळ्याचा थोरला भाऊ समजा, अंगाने आणि अकलेने.) गरुडाला माणूस दिसला तर तो त्या दिवशी येत नाहीच, कधीकधी पुढचे दोन-चार दिवस येत नाही, म्हणजे तुमच्या एका चकरेने तुमच्यानंतर येणाऱ्या ग्रुपचे पण पैसे बुडतात.

बाथरूम म्हणजे झाकणाची बादली, कोपऱ्यात. बायकांसाठी फनेल मिळतं ते घ्या आणि घरी सराव करा, हसू नका, चार थरांचे कपडे घालून उणे वीसमध्ये पहिल्यांदा प्रयोग करायची ती वेळ नाही. आदल्या रात्री चहा-कॉफी कमी, सकाळी जड खायचं नाही. पण पाणी पूर्ण तोडू नका, डोकं धरतं.

थंडीचं म्हणाल तर चालताना लागते त्यापेक्षा बसून लागणारी थंडी वेगळी. आत गॅसचा छोटा हीटर असतो पण गाइड तो कमीत कमी लावायला सांगतो, कारण गरम हवा लेन्सच्या भोकातून बाहेरच्या गार हवेत मिसळते आणि समोरचं सगळं लटलटायला लागतं, डांबरी रस्त्यावर मे महिन्यात दिसतं तसं. मी पहिल्या दिवशी पाय गारठले म्हणून गुपचूप हीटर वाढवला. त्या दिवशीचा डोमकावळ्यांच्या या थोरल्या भावाचा एकही फोटो शार्प नाही. लेन्सला शिव्या देत बसले होते रात्रभर. लोकरीचे दोन पातळ थर, त्यावर जाड, पायाखाली फोमची चटई, बूट एक साइज मोठे म्हणजे बोटं हलतात. घट्ट बुटात तीन मोजे घालून काही उपयोग होत नाही, रक्तच फिरत नाही.

प्रश्न : मेलेलं जनावर टाकून गरुड बोलावणं ही फसवणूक नाही का? मग झू मध्ये जाऊन काढलेला फोटो काय वाईट? – वाचक, ठाणे

या प्रश्नावर मी स्वतः बरेच दिवस अडकले होते, त्यामुळे जरा लांब लिहिते.

सोनेरी गरुड हिवाळ्यात तसाही मेलेली जनावरं खातोच, थंडीने मेलेलं किंवा लांडग्याने मारलेलं रेनडिअर, गाडीखाली आलेला कोल्हा, ते त्याच्या जेवणाचा मोठा भाग असतं. हाइडवाले तेच एका ठरावीक जागी ठेवतात, खिळवून ठेवतात म्हणजे कोल्हा रात्रीत ओढून नेत नाही. युरोपात असं मांस ठेवायचे पण नियम आहेत, कोणीही उठून काहीही टाकू शकत नाही. आणि पक्षी मोकळा आहे. यायचं तर येईल, नाही तर नाही. आमच्या तीन दिवसांपैकी पहिल्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी लांब झाडावर बसून निघून गेला, तिसऱ्या दिवशी सात मिनिटं खाली उतरला. झूमधल्या गरुडाला ही ‘नाही’ म्हणायची सोय नसते.

पण म्हणून सगळंच आमिष चालतं असं मी म्हणणार नाही. जिवंत आमिष, म्हणजे दोरीला बांधलेला ससा किंवा कोंबडी, असं कोणी ऑफर केलं तर तिथून निघा, पैसे गेले तरी. दुसरं, बुक करायच्या आधी विचारा की जनावर गोळीने मारलेलं आहे का. शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे मांसात राहतात आणि ते खाऊन गरुड विषबाधेने मरतात, फिनलंडमध्ये पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडांच्या बाबतीत हे चांगलंच माहीत झालेलं आहे. गाडीखाली आलेलं जनावर सगळ्यात बरं. हा प्रश्न विचारल्यावर जो ऑपरेटर चिडतो त्याच्याकडे जाऊ नका. तिसरं, घरट्याजवळचं हाइड नको, आणि फोटो छापताना ‘हाइडमधून, आमिषावर’ असं लिहा. मी लिहिते. त्याने लाइक कमी होतात, होऊ देत.

अजून एक गोष्ट मला तिथे कळली ती आवडली. पाळलेल्या रेनडिअरची पिल्लं गरुड उचलतो, मग पाळणाऱ्यांना राग येणारच. तर तिथलं सरकार भरपाई देतं ती किती पिल्लं मेली यावर नाही, तर त्या भागात गरुडांची किती घरटी यशस्वी झाली यावर. म्हणजे गरुड जास्त तर पैसे जास्त. आपल्याकडे बिबट्याने शेळी मारली की पंचनाम्यासाठी माणूस किती चकरा मारतो ते आठवलं.

प्रश्न : बर्फात सेटिंग काय ठेवायची? आणि तुमचा गरुड लहान की मोठा? शेपटी पांढरी दिसतेय. – वाचक, कोल्हापूर

नजर चांगली आहे तुमची. तो तरुण आहे. पिल्लूपणी शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा आणि पंखांवर पांढरे डाग असतात, ते जाऊन पूर्ण मोठ्यासारखा दिसायला पाचेक वर्षं लागतात.

ऑटोवर कॅमेरा बर्फ राखाडी करतो आणि गरुड कोळसा. बर्फावर बसलेला असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (ऑटोने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) अधिक १ ते १.७. पण तो उडाला आणि मागे काळं स्प्रूसचं जंगल आलं की तेच अधिक अंगाशी येतं, डोक्यावरची सोनेरी पिसं जळतात. म्हणून मॅन्युअल ठेवा, बर्फ जळणार नाही इतपत, उजेड बदलला की बदला. शटर स्पीड उडताना १/२०००, बसलेला असेल तर १/५०० खूप. सायलेंट शटर असेल तर बसलेल्यासाठी वापरा, उडताना त्याने पंख वाकडे येऊ शकतात.

सेटिंगपेक्षा महत्त्वाचं सांगते. उतरला उतरला की धडाधड बर्स्ट मारू नका. तो पहिली काही मिनिटं मान वर काढून फक्त बघत असतो. मान खाली घालून फाडायला लागला की मगच लेन्स हलवायची, ती पण कासवासारखी. त्याच्याआधी रेवन येतात, त्यांचा गोंधळ चालू असेल तर सगळं ठीक, एकदम गप्प झाले किंवा उडाले तर बोट शटरवर ठेवा, वर कोणीतरी आलंय.

संध्याकाळी रूमवर जायच्या आधी कार्ड आणि बॅटऱ्या काढून घ्या आणि कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, मग आत न्या आणि दोन-तीन तास उघडू नका, नाहीतर आतून-बाहेरून घाम फुटतो त्याला. सुट्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून.

प्रश्न : आम्हाला हे परवडणार नाही. इथे काही आहे का? – वाचक, सोलापूर

आहे की, आणि तुम्ही तर जवळच आहात. इंदापूरच्या बाजूला कडबनवाडीचं माळरान, हिवाळ्यात तिथे गरुड, हॅरियर (हाही शिकारी पक्षीच), नशीब असेल तर लांडगा. वनखात्याच्या सफारीतून जा, स्वतःची गाडी गवतात घालू नका. हाइड नाही, गाडी हेच हाइड, खिडकीवर लेन्स टेकवायला बीनबॅग ठेवायची आणि इंजिन बंद.

आणि एकदाच मोठी ट्रिप करायची असेल तर बिकानेरजवळचं जोडबीड. आसपासची मेलेली गुरं-उंट तिथे आणून टाकतात, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्टेप ईगल, इम्पीरियल ईगल, टॉनी ईगल आणि गिधाडं, सगळं एका जागी, एका सकाळी. फिनलंडचे तीन दिवस इथे एका तासात वसूल होतात असं मी मित्रांना सांगते आणि ते खोटं नाही. फक्त वासाची तयारी ठेवा, गाडीतून उतरायच्या आधी भटकी कुत्री कुठे आहेत बघा, झुंडीने असतात. आणि हो, कुठेही गेलात तरी चिवडा डब्यातून न्या, पाकिटातून नको. आमच्या सात मिनिटांतलं शेवटचं मिनिट माझ्या शेजारच्याने फोडलेल्या पाकिटानेच संपवलं.